पाळीची गाडी

आमच्याकडे वाटणी झाली तेव्हा कोणी आवाज चढवला नाही. वरची संत्र्याची बाग आम्हाला, खालची माझ्या दिराला, वैभवला, गोठा त्यांना, टिनाचं शेड आम्हाला, असं सगळं दुपारच्या चहाआधी आटोपलं. मोहगावात लोक अजून आमचं उदाहरण देतात. दोनच वस्तूंचे दोन तुकडे होत नव्हते. एक विहीर आणि दुसरी गाडी. विहिरीनं कधी त्रास दिला नाही. गाडीनं मात्र यंदा आमच्या सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. आता सगळं निवळलं आहे म्हणून मी हसत सांगते आहे, चैत्रात कोणी विचारलं असतं तर त्याच्या अंगावर धावून गेले असते.

बापूजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विहिरीची रीत घालून दिलेली आहे. दोन दिवस वरच्या बागेला पाणी, दोन दिवस खालच्या. याला पाळी म्हणतात. उन्हाळ्यात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस फुललेली, फळं वाटाण्याएवढी असतात. तेव्हा एक पाळी चुकली तरी झाड फळं खाली टाकतं. त्यामुळे पाळीच्या बाबतीत संत्रावाला सख्ख्या भावाची भीड धरत नाही, आणि कोणाला त्याचं वाईटही वाटत नाही. गाडीलाही बापूजींनी तीच रीत लावली. मृग लागला की गाडी वैभवकडे, आणि हिवाळ्यात आंबियाचा तोडा आटोपला, म्हणजे फळं उतरली, की आमच्याकडे.

गाडी म्हणजे लाल पोलो जीटी. संत्र्याला चांगला भाव लागला त्या वर्षी दोघा भावांनी मिळून घेतली. दिसायला एवढीशी, पण इंजिन टर्बो. पुढं कंपनीनं ती इथं बनवणंच बंद केलं, मग तर विचारूच नका. माझं स्वतःचं म्हणणं असं होतं की जिच्यात संत्र्याचं एक खोकंही धड मावत नाही ती गाडी शेतकऱ्यानं घ्यावीच कशाला. पण मी पडले शाळामास्तरीण. गाडीतलं मला काय कळतं, असं दोघंही म्हणाले. दोघांचं एकमत झालेली ती शेवटची गोष्ट.

माझे यजमान कुलदीप हे स्टॉकवाले. स्टॉक म्हणजे गाडी कंपनीतून आली तशीच ठेवायची. टायरही त्याच कंपनीचे, बल्बही तेच, सीटवरचं प्लास्टिक मी भांडून काढलं. नव्या गाडीची पूजा करायला आम्ही जामसांवलीच्या मारुतीला गेलो तर यांनी बॉनेटवर वर्तमानपत्र अंथरलं आणि पुजारीबुवांना म्हणाले, स्वस्तिक यावर काढा, शेंदरानं रंग खराब होतो. बापूजी परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. बाजारात सगळा माल डुप्लिकेट असतो ही कुलदीपची ठाम समजूत. त्यामुळे ऑइलशिवाय गाडीत काही बदलू द्यायचे नाहीत. मेकॅनिकनं बॉनेटखाली दुसरीकडे कुठं हात घातला तर म्हणायचे, "अबे, ते कंपनीनं बसवलं हाय, तू कायले उघडतं?"

आणि वैभव अगदी उलटा. त्याला वाटायचं, कंपनीनं गाडी अर्धीच बनवून पाठवली आहे, उरलेली आपण करायची. त्याच्या पाळीत मोठी चाकं आली, पोपटी रंगाच्या स्प्रिंगा आल्या, आणि सायलेन्सर असा आला की सौसरच्या चौकात गाडी वळली तरी कळायचं, आला बाबा. त्यावरून पहिल्याच वर्षी जुंपली. बापूजींनी विहिरीवर बसून निकाल दिला. "आपल्या पाळीत आपली मोटर लावा. पाळी सरली का काढून घ्या. विहिरीले हात नाई लावाचा." म्हणजे बाहेरून काय जोडायचं ते जोडा, पण इंजिनाला हात लावायचा नाही, आणि गाडी देताना होती तशी करून द्यायची. काढलेली कंपनीची एकूण एक वस्तू गाडीतच परत ठेवायची.

तेव्हापासून पाळी बदलली की आंब्याखाली जॅक लागायचा. वैभव एकेक सामान काढायचा, कुलदीप एकेक नट मोजून घ्यायचे, आणि मी व माझी जाऊ उर्वशी दोघी चहा करकरून दमायचो. उर्वशी म्हणायची, "ताई, यायच्या लग्नात एवढी देवाणघेवाण नाई झाली." तिचं खरं होतं.

मागच्या मृगानंतर वैभवनं मित्रांमध्ये एक नवीनच सांगायला सुरुवात केली. इंजिनाचा एक कॉम्प्युटर असतो, त्यातला प्रोग्राम बदलला की ताकद वाढते. पोरं त्याला मॅप म्हणतात. तो म्हणे यानं नागपुरातून करून आणला. "स्टेज वन केलं भाऊ, गाडी उडून राहिली," असं तो पानठेल्यावर सांगायचा, आणि ते दुसऱ्या दिवशी आमच्या घरी पोचायचं. हे तर सरळ विहिरीला हात लावणं झालं. कुलदीप दात खाऊन गप्प राहिले. पाळी त्याची होती.

तोडा आटोपला, गाडी आंब्याखाली आली, सामान निघालं. कुलदीपनी सगळ्यात आधी विचारलं, "मॅप?"

"काढला," वैभव दुसरीकडे बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कुलदीप गाडी घेऊन पांढुर्ण्याला गेले. तिथं एका जिनिंगमध्ये ते कापसाची प्रत पाहायच्या कामावर आहेत. कापसाचा हंगाम आणि आमची गाडीची पाळी एकदमच येते, त्यामुळे गाडी दिवसभर त्या आवारात उभी असते. संध्याकाळी आले ते लालबुंद होऊन. म्हणाले, "नाई काढला त्यानं. गाडी पहिल्यासारखी नाई राहिली. पाय ठेवला का पळते. चार वर्षं चालवून राहिलो, मले नाई समजत?"

मी म्हटलं, पळते तर बरंच आहे की. पण माझं कोण ऐकतो. ते तसेच खालच्या घरी गेले. तिथं वैभवचे चार मित्र बसलेले होते, संत्र्याचा व्यापारी बसलेला होता. यांनी सगळ्यांसमोर त्याला लबाड म्हटलं. त्याहून पुढं जाऊन म्हणाले, "जो गाडीत लबाडी करते तो विहिरीतही करन." वैभव उठून आत गेला. हे मला उर्वशीनं सांगितलं. मॅपचं एक वेळ मिटलं असतं. विहिरीचं नाव काढायला नको होतं.

मग चार महिने दोघांचं तोंड बंद. जायचं-यायचं तर बांध एकच. हे आले की तो बसून दगड न्याहाळायचा, तो आला की हे आभाळ बघायचे. बापूजी दोघांनाही बोलले, पण दोघंही मान खाली घालून ऐकायचे आणि करायचे आपलंच. चैत्र लागला, पाणी खाली गेलं, आणि वैभवनं निरोप पाठवला की त्याला विहिरीची पाळी नको. तो आपल्या बागेत बोअर मारणार.

बागायतदाराच्या घरात हा काय निरोप आहे ते सांगते. खालची बाग विहिरीपासून पन्नास पावलांवर. तिथं बोअर मारला की विहिरीचा झरा तुटलाच समजा. बरं, बोअरला पाणी लागेलच याची खात्री ब्रह्मदेवही देत नाही. म्हणजे विहीरही जाणार, बोअरही कोरडा, दोन्ही बागा उभ्या वाळणार, आणि बापूजींना ते डोळ्यांनी बघायचं. वैभवला हे कळत नव्हतं असं नाही. पण ज्याला सगळ्यांसमोर विहिरीचा चोर ठरवलं त्यानं त्या विहिरीचं पाणी कोणत्या तोंडानं घ्यायचं? मला त्याचा राग येत होता आणि त्याचं पटतही होतं. कुलदीपना सांगून पाहिलं. म्हणाले, "मारू दे. त्याची जमीन हाय."

शुक्रवारी उर्वशीचा हळू आवाजात फोन आला. मशीन उद्या सकाळी येणार. "ताई, भाऊजींना घरी नका ठेवू उद्या. हाणामारी होईन." ती रडत होती.

म्हणून शनिवारी मी यांना जामसांवलीला काढलं. देवाला जायचं होतं असं नाही, यांना बागेपासून लांब न्यायचं होतं. मारुतीरायानं एवढं समजून घेतलं असेल. सौसर मागं पडलं आणि गाडी पंक्चर झाली.

कुलदीपनी डिकी उघडली, स्टेपनी काढली. तिच्याखाली एक प्लास्टिकची थैली होती. थैलीत एक मळकट चौकोनी वस्तू आणि एक रिकामं खोकं. यांनी ती वस्तू बाहेर काढली, उलटीसुलटी केली आणि ओरडलेच. "पाह्य! पाह्य हे! माहा एअर फिल्टर! कंपनीचा! हाही बदलवला त्यानं, अन् मले बोललाही नाई!"

एअर फिल्टर म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळायचा कागद, एवढं मलाही ठाऊक आहे. मी म्हटलं, खोक्यावर तर कंपनीचंच नाव दिसतंय, जुना काढून नवा घातला असेल. "डुप्लिकेट असन," हे म्हणाले. चाक बदलून झाल्यावर यांनी बॉनेट उघडलं. आजवर फिल्टरच्या डब्याला त्यांनी हात लावला नव्हता, पण त्या दिवशी रागच एवढा होता की तत्त्व बाजूला राहिलं. पेचकस घेऊन डबा उघडला, आतला पांढरास्वच्छ फिल्टर काढून माझ्या मांडीवर टाकला आणि जुना बसवला. "आता होईन गाडी स्टॉक," म्हणाले.

गाडी सुरू झाली. आणि काय सांगू, ती चालेचना. म्हणजे चालत होती, पण चढ आला की दमेकऱ्यासारखी धापा टाकायची. मागून संत्र्यांनी भरलेला टेम्पो आला आणि आम्हाला ओलांडून गेला. कुलदीपच्या चेहऱ्यावर मात्र चार महिन्यांत पहिल्यांदा समाधान होतं.

"हे पाह्य," ते म्हणाले. "हे आपली गाडी. कशी शांत चालून राहिली. असाच पिकअप होता पहिले, मले काय मालूम नाई?"

मी मांडीवरचा नवा फिल्टर उलटून बघितला. मग विचारलं, "अहो, तो मॅप कुठं असतो?"

"इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये."

"आणि तुम्ही आता काय बदललंत?"

"फिल्टर."

"मग कॉम्प्युटरमधला मॅप गेला कुठं?"

"तू चूप बस वो," ते म्हणाले. पण गाडीचा वेग कमी झाला. मग आणखी कमी झाला. एका बाभळीखाली त्यांनी गाडी उभी केली आणि पेचकस परत हातात घेतला.

पुढचा तास मी आयुष्यभर विसरणार नाही. नवा फिल्टर घालून त्या चढावर एक फेरी. गाडी पळाली. जुना घालून एक फेरी. गाडी धापली. परत नवा. भर उन्हात मी पदरात पेच धरून उभी, आणि येणारे-जाणारे विचारतायत, "काय झालं भाऊ, बंद पडली का?" हे बॉनेटमधून मान वर काढत नव्हते. शेवटी त्यांनी जुना फिल्टर हातात घेतला आणि चाकावर आपटला. त्यातून रुई निघाली. जिनिंगच्या आवारातली चार हंगामांची रुई आणि धूळ, गादीत बसते तशी दाबून बसलेली. बाकीची कागदाच्या घड्यांमधून बाहेर येता येईना.

म्हणजे झालं होतं असं. कंपनीचा म्हणून यांनी तो फिल्टर कधी बदलू दिला नाही. गाडी वर्षावर्षानं गुदमरत गेली आणि हे त्या गुदमरण्यालाच स्टॉक समजत राहिले. वैभवनं गाडी देताना कंपनीचा नवा कोरा फिल्टर बसवून दिला, जुना रीतीप्रमाणं डिकीत ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाडी खरीखुरी कंपनीतून आली तशी झाली होती. आणि दुसऱ्याच दिवशी यांनी भावाला लबाड ठरवलं.

मला हसू फुटणार होतं, पण यांच्याकडे बघितलं आणि हसू जिरलं. ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते.

"अमिता, म्या त्याले सगळ्याईसमोर म्हणलं," ते म्हणाले. "व्यापाऱ्यासमोर म्हणलं. विहिरीचं म्हणलं."

"हो, म्हणालात," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "आणि तिकडं मशीन आलं असेल. उठा."

"मशीन आज हाय?" ते ताडकन उठले. त्यांना वार माहीत नव्हता, मीच सांगितला नव्हता.

नवा फिल्टर बसवला आणि आम्ही निघालो. गाडी वेगानं पळते याचा मला जन्मात पहिल्यांदा आनंद झाला. जामसांवलीच्या दिशेनं मी वळून हात जोडले. मोहगावचा फाटा सोडला तशी मशीनची घरघर ऐकू यायला लागली. संपलं, असं वाटलं. कुलदीपनी गाडी आणखी दामटली.

गाडी बांधापर्यंत नेली. ते जवळजवळ धावतच उतरले. मशीन खालच्या बागेच्या कोपऱ्यात उभं होतं, इंजिन सुरू होतं, नारळ फोडलेला होता. पण पाइप अजून जमिनीला टेकला नव्हता. विहिरीजवळ बापूजी खाटेवर बसले होते. त्यांनी मशीनकडे पाठ केली होती.

वैभवनं यांना येताना पाहिलं आणि तो ताठ झाला. उर्वशी मध्ये आली. कुलदीप तिला ओलांडून पुढं गेले आणि तो रुईनं भरलेला फिल्टर त्याच्यासमोर धरला.

"वैभव, हा म्या चार वर्षं नाई बदलू दिला," ते मशीनच्या आवाजावर ओरडून म्हणाले. मशीनवाला, मजूर, सगळे ऐकत होते. "गाडी यानं मरून राहिली होती. तू बराबर करून देल्ली, अन् म्या तुले लबाड म्हणलं. माही चूक हाय. तुह्या मित्रांईले बोलाव, त्यायच्यासमोर म्हणतो. व्यापाऱ्यासमोर म्हणतो."

वैभवनं मशीनवाल्याला हात केला. इंजिन थांबलं. एकदम शांत झालं.

"तू सांगितलं काहून नाई फिल्टरचं?" कुलदीपनी विचारलं.

"सांगणार होतो. तू दुसऱ्याच दिवशी आला भांडाले." मग तो थांबला, मातीत पाय घासला. "अन् दादा, एक अजून हाय. मॅप म्या काढला नाई."

मला वाटलं, आता परत?

"काढणार कुठून," तो म्हणाला. "केलाच नव्हता. नागपूरले गेलो होतो, गॅरेजपर्यंत गेलो. त्यानं लॅपटॉप लावाले घेतला अन् माही हिंमत नाई झाली. बापूजीनं हात नाई लावाचा म्हणलं होतं. इंजिन खराब झालं असतं तर तुले काय तोंड दाखवलं असतं? तसाच परत आलो. मित्रांईले सांगून बसलो होतो स्टेज वन, स्टेज वन. मंग नाई केला असं कसं सांगू? काढला म्हणून टाकलं."

ज्या गोष्टीवरून चार महिने दोन घरांच्या चुली एकमेकींकडे पाठ करून पेटत होत्या, ती गोष्ट मुळात झालीच नव्हती. उर्वशीनं कपाळावर हात मारला. "अजी, नाई सांगितलं तुम्ही मले!" ती ओरडली, आणि मग तीच आधी हसली. मी मात्र बांधावर बसले आणि मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. जीव इतके दिवस मुठीत धरून ठेवला होता, तो सुटला.

मशीनवाल्यानं विचारलं, "भैया, चालू करें क्या?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

"चाय पिऊन जा," उर्वशीनं त्याला सांगितलं आणि ती घराकडे पळाली.

मशीन निघून गेलं तरी दोघं भाऊ तिथंच उभे होते. कुलदीप खालच्या बागेतून चालत फिरले. भांडणात वैभवनं पाळीचं पाणी घेणं कमी केलं होतं ते आम्हाला तेव्हा कळलं. पानं वळली होती, झाडांखाली बारकी फळं पडलेली होती. कुलदीपनी दोन-तीन उचलून बघितली आणि विहिरीवर गेले.

त्या दिवशी आमच्या पाळीचा पहिला दिवस होता. जामसांवलीहून आल्यावर मोटर लावायची म्हणून वरच्या बागेचा व्हॉल्व्ह त्यांनी सकाळीच उघडून ठेवला होता. तो त्यांनी बंद केला आणि खालचा उघडला.

"आजचं अन् उद्याचं तू घे," ते वैभवला म्हणाले.

चैत्रातलं पाणी. लग्न होऊन आले तेव्हापासून या विहिरीवर असं झालेलं मी पाहिलं नव्हतं. बापूजी खाटेवरून उठले आणि मोटरची कळ त्यांनी स्वतः दाबली. पाणी पाटातून खाली निघालं आणि आम्ही सगळे ते पहिल्या झाडापर्यंत पोचेस्तोवर बघत उभे राहिलो.